विहार तलाव: जुना मातीचा बांध, त्याची पातळी आणि त्याचा पाणलोट

आपला प्रश्न तिहेरी आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत विहारचा वाटा जेमतेम दोन टक्के आहे, तो बांधून पुरा झाला १८६० साली, आणि बहुतेक पावसाळ्यांत तो भरून वाहतो. तेव्हा इतक्या जुन्या मातीच्या धरणावर विसंबावे का, वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी त्याची उंची वाढवावी किंवा गाळ काढावा का, आणि यांतले काहीच करायचे नसेल तर तो राखायचा तरी कशासाठी, असे आपण विचारले आहे. माझी सारी नोकरी मातीची धरणे आणि शहरांचा पाणीपुरवठा यांच्या कामात गेली, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो. थोडक्यात सांगायचे तर बांधाच्या वयापेक्षा त्याच्या पाझराकडे लक्ष द्यावे, उंची आणि गाळ हे दोन्ही विषय सोडून द्यावेत, आणि या तलावाचा पाणलोट म्हणजे त्याची खरी मालमत्ता आहे हे धरून चालावे.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या तक्त्यात विहारची पूर्ण भरण्याची पातळी ८०.१२ मीटर आणि तुळशी तलावाची १३९.१७ मीटर अशी असते. हे आकडे समुद्रसपाटीपासूनची उंची आहेत असे बहुतेक वाचक समजतात, क्वचित बातमीदारही तसे लिहितात. मुंबई महानगरपालिका पातळ्या मोजते त्या टाऊन हॉलच्या, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीशी बांधलेल्या जुन्या मापाने. या मापात समुद्राची सरासरी पातळी शून्यावर येत नाही, ती साधारण चोवीस-साडेचोवीस मीटरवर येते. ते वजा केले की विहारचा काठोकाठ भरलेला पृष्ठभाग समुद्रापेक्षा सुमारे ५५ मीटर उंच आणि तुळशीचा सुमारे ११५ मीटर उंच निघतो. विहार तिथेच का बांधला गेला, आणि तो बांधल्यावर वीस वर्षांच्या आत तुळशी का बांधावा लागला, या दोन्हींचे उत्तर या वजाबाकीत दडलेले आहे.

विहारच्या आधीची मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, दो टाकी, खारा तलाव ही नावे आजही तोंडात आहेत, त्यांतले पाणी मात्र केव्हाच बुजवले गेले. बेट चारी बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेले, वर वस्ती दाटत चाललेली आणि तळ्यांच्या काठांवर सगळीच घाण, अशी स्थिती होती. १८४५ मध्ये पाण्याच्या टंचाईबद्दल लोकांनी गाऱ्हाणे मांडल्यावर चौकशी समिती नेमली गेली, पण हालचाल व्हायला पुढच्या दशकातले कोरडे उन्हाळे यावे लागले. त्या काळात गुरे शहराबाहेर माहीमकडे हलवण्याची आणि बाहेरून पाणी आणून बंदरांजवळच्या विहिरींत ओतण्याची पाळी आली होती. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने तेव्हा साष्टीतल्या डोंगरांमधली विहार गावाची दरी सुचवली. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही याच गृहस्थाचा, हे जाता जाता सांगतो. काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये शहराला नळाचे पाणी मिळाले. तेव्हा ही दरी शहराच्या पार बाहेर होती. आज तलाव महानगरपालिकेच्या हद्दीत असला तरी उपनगरांनी तीन बाजूंनी वेढलेल्या राष्ट्रीय उद्यानात आहे.

दरी निवडण्यामागचा हिशेब साधा होता. पाणी वीसहून अधिक किलोमीटर वाहून शहरात पोचायचे होते आणि ते पंपाविना पोचायचे होते. ३२ इंची ओतीव लोखंडी नळातून इतके अंतर जाताना घर्षणाने बरीच उंची खर्ची पडते. त्यामुळे ५५ मीटरांपैकी शहरात शिल्लक राहणारा दाब सखल भागांतल्या रस्त्यांवरच्या नळांना पुरत असे, मलबार टेकडीवर मात्र ते पाणी चढणे शक्य नव्हते. १८७९ मध्ये पुरा झालेला तुळशी जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. तो तिथे बांधण्यामागे टेकडीवरच्या जलाशयाला गुरुत्वाने पाणी देता यावे हा विचार होता. पुरेशेपणाचे म्हणाल तर विहारची पहिली योजना दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर पाणी देणारी होती, आणि १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. भागाकार केला तर माणशी चाळीस लिटरही पडत नाहीत. कापसाच्या तेजीने शहर असे फुगले की योजना पुरी होताच तोकडी ठरली. पाणीपुरवठ्याच्या बहुतेक योजनांचे हेच होते, त्याबद्दल कॉनिबेअरला दोष देता येणार नाही.

आता बांधाकडे येतो. विहार एका धरणाने अडवलेला नाही. दरीच्या मुखाशी एक मुख्य बांध आणि खिंडींत दोन लहान, असे मातीचे तीन बांध आहेत. मुख्य बांधाची मूळ उंची सुमारे ८४ फूट होती. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे बांधाच्या पोटात पाणी घालून मळलेल्या चिकणमातीची उभी भिंत असते. आमच्या बोलीत तिला पडल म्हणतात. ती तळाच्या खडकापर्यंत खंदकात उतरवलेली असते, तिच्या दोन्ही अंगांना साधा भराव आणि पाण्याच्या बाजूला लाटांपासून राखण्यासाठी दगडांचे पिचिंग. पडल ओली आहे तोवर ती म्हातारी होत नाही. लोखंड गंजते, चुना झिजतो, पण कायम ओली राहणारी चिकणमाती दोनशे वर्षांनीही तितकीच पाणी अडवते. म्हणून १८६० हा आकडा ऐकून जी भीती वाटते ती मला अस्थानी वाटते. मातीची बरीच धरणे पहिल्यांदा पाणी भरताना किंवा त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत फुटलेली आहेत. विहारने ती परीक्षा आपल्या पणजोबांच्या काळात दिली.

धोका असतो तो मातीत पुरलेल्या परक्या वस्तूंचा, आणि त्यांतली पहिली म्हणजे बांधाच्या पोटातून जाणारा नळ. कॉनिबेअरने तलावाच्या आत एक बुरूज उभारला. त्याला सोळा-सोळा फुटांच्या अंतराने चार तोंडे ठेवली, म्हणजे पातळी कितीही खाली गेली तरी पृष्ठभागाजवळचे, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी उचलता यावे. वापरात असलेल्या तोंडावर तांब्याच्या बारीक तारेच्या जाळीचा पिंजरा बसवायची सोय होती. शहराला सुरुवातीला मिळालेली गाळणी म्हणजे एवढी जाळी. तिथून पाणी बांधाखालच्या नळातून बाहेर पडते. नळाभोवतीची माती नीट दाबली गेली नाही, किंवा वरच्या भरावाच्या वजनाने नळ एखाद्या सांध्यावर फाकला, तर पाणी त्या फटीच्या कडेने वाट शोधते आणि जाताना कणाकणाने माती घेऊन जाते. १८६४ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ डेल डाइकचे धरण पहिल्याच भरणीत फुटले आणि दोनशे चाळीसच्या आसपास माणसे गेली. त्या बांधाच्या पोटातूनही नळ घातलेले होते आणि पुढे वर्षानुवर्षे चर्चा त्या नळांचीच होत राहिली. आपल्याकडे इतके लांब जायला नको. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत गेले ते विमोचकाच्या, म्हणजे बांधाच्या पोटातून पाणी सोडणाऱ्या वाटेच्या, वरचा भराव खचत गेल्यामुळे, आणि पाठोपाठ त्याच दिवशी खडकवासला फुटून पुणे बुडाले. ज्याने पुण्यात ते वर्ष पाहिले आहे त्याला मातीच्या बांधातला विमोचक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

विहारच्या बाबतीत दिलासा असा की नळाची बंद करण्याची सोय बुरुजात, म्हणजे पाण्याकडच्या टोकाला आहे. ती तिथे असली म्हणजे बांधाखालचा नळ गरजेच्या वेळी रिकामा करता येतो, आत कॅमेरा सोडून सांधे तपासता येतात आणि गळका नळ दाबाखाली ठेवावा लागत नाही. जिथे झडप फक्त बाहेरच्या टोकाला असते तिथे मला झोप लागत नसे. अशी धरणे राज्यात पुष्कळ आहेत.

मग तपासायचे काय? पाझर. मातीचा कोणताही बांध थोडाफार पाझरतोच, आणि पायथ्याच्या चरातून स्वच्छ, एकसारखे पाणी वाहत असेल तर ते धरणाच्या तब्येतीचे लक्षण आहे. चराच्या तोंडाशी त्रिकोणी खाचेची पाटी बसवून ते रोज मोजायचे आणि तलावाच्या पातळीसमोर मांडायचे. पातळी तीच असताना पाझर गेल्या वर्षीपेक्षा वाढलेला दिसला, किंवा पाणी गढूळ येऊ लागले, की तो दिवस साधा राहत नाही. पाझर एकाएकी कमी झाला तरीही मी तितकाच सावध होतो, कारण पाणी थांबलेले नसते, त्याने दुसरी वाट धरलेली असण्याची शक्यता असते. कोकणातल्या पावसात जुलै-ऑगस्टची मोजमापे फारशी कामाची नसतात, उतारावरून येणारे पावसाचे पाणी त्यांत मिसळते. तलाव भरलेला आणि आभाळ कोरडे असे ऑक्टोबरातले पंधरा दिवस या कामासाठी सोन्यासारखे.

एका जुन्या, विहारपेक्षा कितीतरी लहान तलावावर माझ्या तरुणपणी घडलेली गोष्ट सांगतो. नोंदवहीत पाझर महिनोन्‌महिने एकच लिहिलेला होता, अगदी शेवटच्या अंकापर्यंत एक. चौकशी केली तेव्हा कळले की खाचेच्या पाटीपर्यंत जाणारी पायवाट झाडोऱ्यात बुजली होती आणि कालचा आकडा आज उतरवला जात होता. झाडोरा तोडून खाली उतरलो तर पाटीशेजारी, चराच्या बाहेर, हाताच्या तळव्याएवढी ओल होती आणि तिच्याभोवती बारीक मातीचे कडे साचले होते. वाळू, खडी आणि दगड यांचा थर देऊन, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारी गाळणी करून, ते काम चार दिवसांत निभावले. आणखी एक पावसाळा लोटला असता तर चार दिवसांत निभावले असते असे मी म्हणणार नाही. तेव्हापासून कुठल्याही धरणावर गेलो की आधी पायवाट पाहतो.

विहारला हे दुप्पट लागू आहे, कारण तो जंगलात आहे. बांधावर झाड वाढू देणे ही गफलत आहे, मग ते कितीही सुंदर असो. ते उन्मळले तर माथ्याचा तुकडा घेऊन जाते आणि वाळले तर कुजलेल्या मुळांच्या नळ्या आत राहतात. वारुळे, घुशींची बिळे आणि साळिंदरांनी उकरलेले खड्डे हे त्याच जातीचे दुखणे. राष्ट्रीय उद्यानात झाड तोडायचे तर वनखात्याची संमती हवी आणि रात्रीची गस्त घालायची तर बिबट्या आणि पाण्यातल्या मगरी यांचे भान हवे, त्यामुळे इथल्या देखभालीच्या माणसाचे काम इतरांपेक्षा अवघड आहे हे मान्य केले पाहिजे. तरीही पायथ्यापासून ठरावीक अंतरापर्यंत जमीन मोकळी आणि डोळ्यांना दिसणारी असली पाहिजे, यात तडजोड करता येणार नाही. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला. पंधरा मीटरांहून उंच धरणे त्याच्या कक्षेत येतात आणि पावसाळ्याआधी व नंतर त्यांची तपासणी बंधनकारक आहे.

उंची आणि गाळ यांबाबत मात्र भावनेपेक्षा अंकगणित बरे. विहारचा उपयुक्त साठा २७,६९८ दशलक्ष लिटर, म्हणजे सुमारे २.७७ कोटी घनमीटर आहे. सातही तलावांचा मिळून १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे, त्यावरून आपला दोन टक्क्यांचा आकडा बरोबर ठरतो. शहराचा रोजचा पुरवठा ३,९५० दशलक्ष लिटरच्या आसपास धरला तर सगळा विहार सात दिवसांत संपेल. आता पाणलोट पाहा. तो १८.९६ चौरस किलोमीटर आहे. त्यावर २,५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सत्तर टक्के पाणी तलावात आले असे धरले, तर येवा होतो सुमारे ३.३ कोटी घनमीटर. तलावातून रोज ९० दशलक्ष लिटर उचलले जातात, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांतच एक कोटी घनमीटरहून जास्त खर्च होतो. साठा आणि हा खर्च मिळून बेरीज ३.८५ कोटींवर जाते. थोडक्यात, तलाव जर उन्हाळ्याच्या शेवटी तळाला गेला तर सरासरी पावसात तो काठोकाठ भरणारही नाही. तो दरसाल वाहताना दिसतो याचे कारण तो सहसा तळाला नेला जात नाही, शिवाय मुंबईचा पाऊस सरासरीने पडत नाही, तो चार-पाच दिवसांच्या झडींत पडतो. पाणलोट आणि साठा यांची जोडी मूळच्या अभियंत्याने बऱ्यापैकी जुळवलेली आहे. पातळी एक मीटरने वाढवली तर वर साठ-सत्तर लाख घनमीटरची जागा तयार होईल, परंतु ती भरणारे पाणी दरवर्षी हाती लागेलच असे नाही. त्यासाठी तीनही बांध, सांडवा आणि काठावरचे जंगल या सगळ्यांना हात लावावा लागेल. दीडशेहून अधिक वर्षे स्थिरावलेल्या पडलच्या डोक्यावर नवा भराव चढवणे हे तर मी कोणालाच सुचवणार नाही.

गाळाचेही तसेच. दहा लाख घनमीटर गाळ काढला तर शंभर कोटी लिटरची जागा मोकळी होते, ऐकायला केवढी मोठी वाटते! ती शहराची सहा तासांची गरज आहे, आणि दहा घनमीटरच्या डंपरने तो गाळ हलवायचा तर एक लाख खेपा होतात, त्याही राष्ट्रीय उद्यानातून. जंगलाने झाकलेल्या पाणलोटातून गाळ मुळातच कमी येतो. जादा पाण्यासाठी त्यापेक्षा शहाणपणाची गोष्ट म्हणजे झडीच्या दिवसांत ओसंडणारे पाणी उपसून जवळच्या भांडुप शुद्धीकरण केंद्राकडे नेणे. महानगरपालिकेने ही योजना आखली आहे आणि माझ्या मते दिशा योग्य आहे, कारण तेवढे दिवस दूरच्या धरणांतले पाणी वाचते.

राखायचा कशासाठी, याचे उत्तर विहारच्या कुशीतच आहे. त्याच्या खालच्या अंगाला, मधल्या एका टेकाडापलीकडे, पवई तलाव आहे. तोही पिण्याच्या पाण्यासाठीच १८९० च्या सुमारास, टंचाईच्या धास्तीने घाईत बांधला गेला. तो उथळ होता आणि त्याचे पाणी सुरुवातीपासून फारसे चांगले नव्हते हे खरे, तरी त्याला कायमचा निकालात काढला तो त्याच्या पाणलोटाने. सभोवती घरे आली, सांडपाणी आले, जलपर्णी आली, आणि आज त्याचे पाणी आरे वसाहत व उद्योगांच्या पिण्याव्यतिरिक्तच्या वापरापुरते उरले आहे. एकच पाऊस, एकच खडक, हाकेच्या अंतरावरचे दोन तलाव, आणि एकाचे पाणी मध्यम क्षमतेच्या स्थानिक शुद्धीकरण केंद्रातून घरोघर जाते तर दुसऱ्यात मासे गळाला लावतात. विहारचा पाणलोट जंगलात राहिला एवढाच काय तो फरक. किंबहुना तलावांच्या पाणलोटासाठी संपादलेल्या जमिनींमुळे उद्यानाचा हा भाग शहराच्या रेट्यातून वाचला, असे म्हणणे जास्त बरोबर होईल.

दुसरे कारण जवळपणाचे. उरलेली पाच धरणे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत आणि त्यांचे पाणी लांबच लांब जलवाहिन्यांतून व बोगद्यांतून येते. त्या साखळीतला एखादा दुवा तुटला तर सात दिवसांचा साठा हा क्षुल्लक राहत नाही. अशा वेळी सगळ्या शहराला पाणी द्यायचे नसते, रुग्णालये, अग्निशमन आणि माणशी पिण्यापुरते एवढे द्यायचे असते, आणि त्या मापाने विहार सात दिवसांच्या कितीतरी पुढे पुरतो.

शेवटी सांडव्याबद्दल, कारण आपण विचारले नसले तरी ते सांगणे भाग आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, विहारवर तो एक मीटरहून जास्त नोंदला गेला. पाणलोटाच्या क्षेत्राने गुणले तर एका दिवसात जवळजवळ दोन कोटी घनमीटर पाणी होते, म्हणजे तलावाच्या उपयुक्त साठ्याच्या सत्तर टक्के. मातीचा बांध पाझराने हळूहळू मरतो, पण माथ्यावरून पाणी गेले तर काही तासांत. म्हणून माझ्या मते विहारवर पहिला रुपया खर्च करायचा तो अशा दिवसाचा पूर सांडवा निर्धोकपणे सोडू शकतो का, याची नव्याने आकडेमोड करण्यावर. सांडव्यावरून सुटलेले पाणी पवईच्या पाण्याला मिळून मिठी नदी होते, आणि नदीचे पात्र विमानतळापासून कुर्ल्यापर्यंत आवळलेले आहे. तेव्हा या आकडेमोडीत धरणाच्या खालची बाजूही धरावी लागेल. दुसरा रुपया बांधाखालच्या नळाच्या आतील तपासणीवर, आणि तिसरा, सर्वांत स्वस्त, पाझर मोजणाऱ्या माणसाच्या पायवाटेवर.